अडीच स्क्वेअरचा हिशेब

सबस्टेशनच्या डिझाइनमध्ये सगळ्यांचा जीव ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकरमध्ये अडकलेला असतो. कंट्रोल केबल उरलेल्या वेळात निवडली जाते. मला हे घातक वाटतं, कारण ब्रेकर कितीही भारी असला तरी ट्रिपचा हुकूम त्याच्यापर्यंत नेते ती ही केबलच.

१. केबलला करंट किती झेपतो, हे नंतर. पलीकडच्या टोकाला काय पोचतं, ते आधी बघा. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. यार्डातल्या सीटीपासून रिले २०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४०० मीटर, म्हणजे जवळपास ३ ओहम. सीटीची सेकंडरी ५ अँपिअरची असली की पाचाचा वर्ग गुणिले तीन, ७५ व्हीए नुसती केबलच खाते. १५ व्हीएचा सीटी तिथे कसा पुरणार? मोठ्या फॉल्टला तो सॅच्युरेट होतो आणि रिलेला खरा करंट दिसतच नाही. सेकंडरी १ अँपिअरची घेतली की हेच काम ३ व्हीएत भागतं. लांबच्या यार्डासाठी मी तिचाच आग्रह धरतो.

२. डीसीचा हिशेब ११० व्होल्टपासून मांडू नका. ५५ सेलची लेड-ॲसिड बॅटरी उतरून सेलमागे १.८५ व्होल्टवर आली की हातात १०२ उरतात. क्लोजिंग कॉइलला ८५ टक्के, म्हणजे ९३.५ व्होल्ट हवेतच. वाटेत घालवायला फक्त साडेआठ! ट्रिप कॉइल ७० टक्क्यांवरही चालते, पण ती सवलत अडचणीच्या वेळेसाठी आहे. केबलमध्ये उधळू नये.

३. सीटीचे आणि ट्रिपचे कोअर एका केबलमध्ये नकोत. दोन ट्रिप कॉइल असतील तर केबलही दोन, ट्रेही वेगळे.

४. एका कारखान्यात लांबच्या मोटरचं स्टॉप बटण दाबूनही काँटॅक्टर सुटेना. फिटरने बटण बदललं, काँटॅक्टर बदलला, तरी तेच. दोष केबलच्या लांबीत होता. कोअर-कोअरमधल्या कपॅसिटन्समधून कॉइल धरून ठेवण्याइतका करंट येत होता. इथे माणसाच्या जिवाशी गाठ असते. अशा ठिकाणी २४० व्होल्ट एसी कंट्रोल घेऊच नये. ११० घ्यावा, फार लांब असेल तर सरळ डीसी.

५. स्पेअर कोअर ठेवा, दोन्ही टोकांना फेरूल घाला. मार्शलिंग बॉक्समध्ये केबल खालूनच घ्या आणि ग्लँड पावसाळ्याआधी स्वतः हाताने तपासा. पाणी शिरलं की डीसी अर्थ फॉल्टचा अलार्म येतो, आणि मग भर पावसात एकेक फीडर बंद करत तो शोधावा लागतो.