आजी-आजोबा व्हिसात बसत नाहीत

प्रश्न : भिसेगावात आईवडील, आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी राहतो. कर्जत लोकलने रोज सीएसएमटी गाठतो. आता लंडनची तीन वर्षांची नोकरी चालून आली आहे. जावं का?

उत्तर : तुमच्या पत्रात पगाराचा आकडा नाही, आईवडील मात्र आहेत, म्हणून आधी त्यांचं बोलू. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर सहसा जोडीदार आणि अठरा वर्षांखालची मुलं सोबत नेता येतात, आईवडील नाही. ते पाहुणे म्हणून येतील, राहायला नव्हे. तुमच्यामागे रात्री-अपरात्री त्यांना दवाखान्यात कोण नेईल, त्याचं नाव आजच ठरवा. ते सुचत नसेल तर मी थांबा म्हणेन.

आता खर्चाचं. व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तिघांचे तीन वर्षांचे ८,५३८ पौंड आगाऊ भरावे लागतात. कंपनी देणार का, हे लेखी घ्या.

मला काळजी लेकीची वाटते. आज शाळेतून आली की आजी दार उघडते. लंडनमध्ये १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत माणसं भेटतील. रोजच्या दुपारी मात्र तुमच्यापैकी एकालाच घरी यावं लागेल. कोणी, ते दोघांनी आधी बोला.