कानाने शिकलेली इंग्रजी

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुका हळदीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच तालुक्यात, टोकाईच्या गडाजवळ, कुरुंदा हे गाव आहे. थोर विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे आडनाव याच गावावरून आलेले. ज्यांनी कुरुंदकरांचे एकही पुस्तक वाचले नाही, अशी माणसेही त्यांच्या व्याख्यानांच्या आठवणी सांगत. ऐकून शिकणे ही या मुलखाची जुनी रीत आहे.

येथील कोणत्याही घराच्या ओसरीवर सायंकाळी क्षणभर थांबून पाहा. आजी सांगत असते, ‘त्या साली पाऊस लांबला, मग तुझे आजोबा बैल घेऊन निघाले...’ आणि मांडीवरचे तीन वर्षांचे मूल डोळे विस्फारून ऐकत असते. त्या मुलाला कर्ता-कर्म-क्रियापद ठाऊक नाही. तथापि ‘निघाले’ म्हणजे काय, ‘निघतील’ म्हणजे काय, हा भेद ते चुकत नाही. मराठी ते मूल कानाने शिकते आणि तीही घरात खरोखर घडलेल्या गोष्टींतून शिकते.

आपल्या भागातील वृद्ध माणसांची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांतील शिक्षण उर्दूतून चाले; कचेरीतील कागदही उर्दूत असत. त्या काळी शाळेची पायरी न चढलेली कित्येक माणसे उर्दू चांगली समजत असत. बाजारात, कचेरीच्या आवारात, प्रवासात त्यांनी ती ऐकली होती. ज्याला आपल्या शेताच्या दाव्याचे काय झाले हे समजून घ्यायचे असते, त्याचे कान आपोआप तीक्ष्ण होतात.

इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण उलट वाटेने चालत आलो. सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवली जाते. मुले शब्दांची स्पेलिंगे पाठ करतात, अर्थ वहीत उतरवून घेतात, धड्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहितात. परंतु तेच शब्द कोणी सहज बोलला, तर ओळखीचा माणूस गर्दीत दिसूनही ओळखू येऊ नये, तसे होते.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. मराठी आपण बहुतेक जशी लिहितो तशी वाचतो. इंग्रजीत तसे नाही. ‘वॉक’, ‘टॉक’, ‘हाफ’ आणि वासरू या अर्थाचा ‘काफ’ या शब्दांच्या लेखनात एल हे अक्षर असते, उच्चारात ते नसते. दुसरे असे की, मराठीत आपण शब्दातील अक्षरांवर जवळजवळ सारखाच भार देतो. इंग्रजीत शब्दातील एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे भाग दबून जातात. ‘फोटोग्राफ’ या शब्दात जोर पहिल्या भागावर आहे. पण त्याच शब्दापासून झालेला पुढचा शब्द इंग्रज माणूस ‘फटॉग्रफी’ असा काहीसा उच्चारतो. शिवाय लहान शब्द एकमेकांना चिकटतात. ‘कप ऑफ टी’ हे शब्द भराभर बोलले गेले म्हणजे ‘कपटी’ असे काहीतरी ऐकू येते, आणि मराठी कानाला भलतीच शंका येते! ही लय पुस्तकात छापता येत नाही. ती ऐकावीच लागते.

हे मला फार उशिरा उमगले. सन १९८५ च्या सुमारास मी एका लहान शाळेत नुकताच शिक्षक झालो होतो. माझा विषय मराठी. परंतु इंग्रजी शिकवायला कोणी नसल्यामुळे तोही विषय माझ्याकडे आला. ‘गो, वेंट, गॉन’ हा तक्ता मी मुलांकडून रोज घोकून घेत असे. व्याकरण मला येत होते आणि तेवढ्यावरून इंग्रजी येते असा माझा समज होता.

त्या पावसाळ्यात मी नांदेडहून सिकंदराबादला रात्रीच्या गाडीने निघालो. तो मार्ग तेव्हा मीटरगेजचा होता. गाडी सावकाश चाले. समोर साठीच्या पुढचे एक तमिळ गृहस्थ बसले होते. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदीही फारशी नव्हती. त्यांनी मला विचारले, “वेअर डू यू गेट डाउन?” पाच साधे शब्द, एकेकटा शब्द मी फळ्यावर शंभरदा लिहिलेला. पण ते एका दमात आले आणि मला एकही उमगला नाही. मी घाईने म्हणालो, “येस, येस!” ते हसले नाहीत. त्यांनी बोट पुढच्या दिशेला दाखवून पुन्हा विचारले, “सिकंदराबाद?” तेव्हा मला प्रश्न कळला आणि फार शरम वाटली.

बाहेर पाऊस पडत होता. रुळांच्या दोन्ही अंगांना शेतांत पाणी साचले होते. त्या पाण्याकडे पाहत ते गृहस्थ आपली हकीकत सांगू लागले. ते मूळचे रामेश्वरचे. तेथून जवळच, बेटाच्या टोकाला, धनुष्कोडी नावाचे गाव होते. “माय ब्रदर हॅड अ टी शॉप देअर,” ते म्हणाले. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री तेथे भयंकर चक्रीवादळ झाले. समुद्राच्या लाटांनी गाव बुडवले. स्टेशनाकडे येत असलेली उतारूंनी भरलेली आगगाडी पाण्याने ओढून नेली. पुढे ते गाव वस्तीस अयोग्य ठरविण्यात आले. हा झाला इतिहास. त्यांची हकीकत मात्र चार-सहा वाक्यांचीच होती, आणि ती वाक्ये ते पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या तऱ्हांनी सांगत होते. “द विंड केम. देन द सी केम. इन द मॉर्निंग आय वेंट. आय लुक्ड. नो शॉप.” थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “ही डिड नॉट कम बॅक.”

प्रथम मला निम्मेही समजले नाही. पण त्या भावाचे पुढे काय झाले हे कळल्यावाचून मला राहवेना. मी त्यांच्या ओठांकडे, हातांकडे पाहत राहिलो. निजामाबाद मागे पडले तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मी मनातल्या मनात भाषांतर करणे केव्हाच सोडून दिले आहे. ‘केम’ हा शब्द आता तक्त्यातला राहिला नव्हता; तो समुद्राबरोबर आला होता. आणि मग माझ्या तोंडून, जुळवाजुळव न करता, आयुष्यातला पहिला इंग्रजी प्रश्न निघाला, “हाऊ ओल्ड वॉज ही?”

“ट्वेंटी-टू,” ते म्हणाले.

त्या रात्री मला जे कळले ते थोडक्यात असे. माणूस स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगतो तेव्हा तो शब्दांची आरास मांडत बसत नाही. आधी काय झाले, मग काय झाले, या क्रमाने तो चालतो. ऐकणाऱ्याला त्या क्रमाचा आधार मिळतो. शब्दही रोजच्या जगण्यातले असतात : घर, आई, पाणी, रात्र, आला, गेला, पाहिले, थांबलो. मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात ‘पुढे काय?’ हा प्रश्न जागा असतो. त्या गृहस्थांचे उच्चार इंग्लंडमधल्या माणसासारखे नव्हते, त्यांत तमिळ वळण होते. त्याने काहीच बिघडले नाही. इंग्रजी आज अनेक देशांच्या तोंडी आहे आणि तिची वळणेही अनेक आहेत.

खरे तर आपल्या मराठीतील आरंभीचा मोठा गद्यग्रंथ अशाच ऐकण्यातून निर्माण झाला. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडून एकेक आठवण मिळवली. त्या आठवणींचे ‘लीळाचरित्र’ झाले. त्या काळची बोली त्यात आजही ऐकू येते.

परकी भाषा खऱ्या हकिकतींच्या देवघेवीतून कशी आपलीशी होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना त्यांचे पती गोपाळराव यांनी इंग्रजी शिकवली. शिकवण्यात धाक पुष्कळ होता. गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तेथील मासिकात छापले गेले. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते त्यांच्या वाचनात आले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकमेकींच्या देशांतील चालीरीती, घरातील बायकांची सुखदुःखे, स्वतःचे आजारपण असे कितीतरी विषय त्या पत्रांत होते. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. पत्र हे कागदावर उतरलेले बोलणेच असते; ते वाचताना बोलणाऱ्याचा सूर मनात उमटतो.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपण अमेरिकेस का जातो हा भाषणाचा विषय होता. आपण रस्त्याने जाऊ लागलो की लोक कसे टक लावून पाहतात, कसे हिणवतात, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे हेही सांगितले. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांतच गेले होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या निकडीमागचे दुःख समजते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या जहाजाने निघाल्या, जूनमध्ये न्यू यॉर्कला पोहोचल्या आणि कॉलेज सुरू होईपर्यंत कार्पेंटर मावशींच्या घरी राहिल्या. पत्रांतील सूर आता रोज कानांवर पडू लागला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. पुढील वर्षीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यास त्यांचा अंत झाला.

आता कोणी म्हणेल, आमच्या गावात इंग्रजी बोलणारे कोठून आणावे? पूर्वी ही अडचण खरी होती. बीबीसीने १९४३ साली रेडिओवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीने १९५९ साली सुमारे पंधराशे शब्दांत, सावकाश बोलून बातम्या आणि हकिकती सांगण्यास आरंभ केला. तेव्हा गावात एखाददुसरा रेडिओ असे. आज बहुतेक घरी मोबाइल आहे. शिवाय फौजेतून परतलेला जवान, परराज्यातून आलेला बँकेचा अधिकारी, मोठ्या शहरात नोकरी करून सुटीवर आलेली ताई, यांना विचारून तर पाहा : तुमचा पहिला दिवस कसा गेला, ते इंग्रजीत सांगाल का? हकीकत पाच मिनिटांची पुरे. प्रथम पेन्सिल खाली ठेवून नुसती ऐकावी. परवानगी घेऊन ती ध्वनिमुद्रित केलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावी. आदल्या दिवशी निसटलेले शब्द हाती लागतात. शब्दकोश त्यानंतर उघडावा. आणि दोन-चार दिवसांनी तीच हकीकत आपल्या वाक्यांत दुसऱ्याला सांगावी. वाक्य चुकेल, चुकू द्यावे. मात्र कोणाची दुःखाची गोष्ट खोदून काढू नये. ती सांगायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी होऊन कुरुंद्यात पूर आला आणि घराघरांत पाणी शिरले. पुढे दोन वर्षांनी काही मुले माझ्याकडे इंग्रजी शिकण्यासाठी येऊ लागली. पुस्तकातील धडा त्यांना येत होता, बोलणे येत नव्हते. एकदा मी त्यांना त्या तमिळ गृहस्थांची हकीकत, जमेल तशी त्यांच्याच शब्दांत सांगितली. मुले गप्प झाली. मग सातवीतील एक मुलगी उठली आणि पदराचे टोक चाळवावे तशी ओढणी चाळवीत सांगू लागली.

“द वॉटर केम इंटू अवर हाउस,” ती म्हणाली. “माय मदर टूक द बॉक्स. माय फादर वेंट टू द काउज.” पुढे शब्द अडला. वासराला काय म्हणतात हे तिला आठवेना. मग स्पेलिंग आठवले आणि ती एलसकट ‘काल्फ’ म्हणाली. मी हळूच “काफ” म्हणालो. “द काफ वॉज व्हेरी स्मॉल,” ती पुढे म्हणाली, “अँड द रोप वॉज टाइट.” एवढे बोलून ती एकदम खाली बसली. तिला लाज वाटली असावी, किंवा तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आला असावा.

भिंतीला टेकून एक मुलगा बसला होता. दोन महिन्यांत तो माझ्यापुढे इंग्रजीचा एक शब्द बोलला नव्हता. तो पुढे सरकला आणि त्याने तिला विचारले, “अँड द काफ?”

मुलगी हसली. “ॲट अवर हाउस,” ती म्हणाली. “शी इज अ काउ नाऊ.”