पाण्याच्या पाठीखाली

घोडेगाव, ता. आंबेगाव

चि. बाळा,


विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस सातवाहन’वर तुझं पाणबुडीचं प्रशिक्षण सुरू झाल्याचं ताईने कळवलं. ज्या सातवाहनांचे लेख आपल्या जुन्नरच्या नाणेघाटात कोरलेत, त्यांच्याच नावाच्या शाळेत तू शिकतोस. ऊर भरून आला.

मीही पाणबुडीवर नोकरी केली, म्हणून एकच सांगतो. लोक खोल पाण्याला भितात. तू पाण्याच्या पृष्ठभागाजवळ जास्त जप.

डिंभ्याच्या जलाशयात वाऱ्याच्या दिवशी आपण पोहायचो, आठवतं? वर लाटा तोंडावर आदळायच्या. परसभर बुडी घेतली की सगळं निवांत. समुद्राचाही हाच न्याय. लाटेच्या दोन माथ्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्या खोलीवर पाण्याची हालचाल वरच्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी होते. माथ्यांत १०० मीटर असतील, तर ५० मीटर खाली बोट जवळजवळ शांत. पण बॅटऱ्या चार्ज करायला डिझेल पाणबुडीला स्नॉर्केलपुरतं, म्हणजे हवा ओढायची नळी पाण्याबाहेर निघेल इतपत, वर यावंच लागतं. तिथे लाट तिला नुसती डोलवत नाही, वर ओढतेही. पाठीवरचं पाणी पोटाखालच्यापेक्षा जोरात फिरतं आणि पाठीवरचा दाब घटतो. गाफील राहिलास तर बोट पाण्याबाहेर डोकं काढते, आणि शत्रूला दिसते. म्हणून खवळलेल्या समुद्रात वर येण्याआधी टाक्यांत थोडं जादा पाणी घे, बोट किंचित जड ठेव. वेगही सोडू नकोस. बोट चालती असेल तरच हायड्रोप्लेनला, म्हणजे तिच्या आडव्या पंखांना, पाण्याची पकड मिळते.

दुसरी नाजूक वेळ पूर्ण वर येतानाची. तेव्हा तरंगत्या बोटीचा तोल सावरणारा आधार पुरता मिळालेला नसतो, बुडालेल्या बोटीचा सुटत असतो, आणि बॅलास्ट टाक्या अर्ध्याच रिकाम्या. डेअरीला दूध घालायला जाताना काठोकाठ भरलेली किटली गप्प बसायची. अर्धी किटली वळणावर गाडीला हिसका द्यायची. तोच प्रकार. अशा वेळी लाट कुशीवर घेऊ नकोस, आणि मध्येच रेंगाळू नकोस.

शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांनी खांदेरीवर जलदुर्ग उभारला. त्याचंच नाव घेतलेली ‘आयएनएस खांदेरी’ २०१९ पासून नौदलात आहे. कधी तिच्यावर ड्यूटी लागली, तर वजनाचा हिशेब रोज नव्याने कर. तेल जळतं, शिधा संपतो, आणि बोटीचं कालचं वजन आज राहिलेलं नसतं.

जपून राहा. पत्र पाठव.

तुझा,
मामा