स्थिर व्यायाम, रक्तदाब आणि हृदयकर्म

उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ‘जड उचलू नका’ असे बजावण्याची आपल्या चिकित्सालयांतील प्रथा जुनी आहे, आणि ती निराधार नाही. अलीकडे मात्र तेच रुग्ण भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखे बसण्याचा व्यायाम कोठेतरी पाहून येतात व याने रक्तदाब उतरतो काय, असे विचारतात. दोन्ही श्रम एकाच जातीचे आहेत. मग एकाचा निषेध आणि दुसऱ्याचा उपदेश कसा करावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

ज्या व्यायामात स्नायू आकुंचित राहतो, परंतु त्याची लांबी बदलत नाही व सांधा हलत नाही, त्यास आयसोमेट्रिक व्यायाम म्हणतात. सोयीसाठी आम्ही त्यास स्थिर व्यायाम म्हणू. भरलेली कळशी धरून उभे राहणे, औषधांचे खोके हातात घेऊन मांडणीपुढे थांबणे, उत्कटासन वा नौकासन टिकवून धरणे, ही त्याचीच रूपे होत.

चालताना स्नायूंतील वाहिन्या शिथिल होतात. वरचा दाब वाढला तरी खालचा फारसा बदलत नाही. स्थिर व्यायामात आकुंचित स्नायू आपल्यातूनच जाणाऱ्या वाहिन्या दाबून धरतो. रक्त अपुरे पोहोचते, चयापचयजन्य द्रव्ये तेथेच साचतात आणि त्यांनी चेतविलेले मज्जातंतू मेंदूस कळवून रक्तदाब चढवितात. १९३७ साली आलम व स्मर्क यांनी हे दाखविले. श्रम थांबल्यावरही पट्ट्याने त्या अवयवाचा रक्तप्रवाह रोखून ठेवला, तर चढलेला दाब पूर्णपणे उतरत नाही. या घटनेस व्यानवायूचा मार्गावरोध म्हणण्याचा मोह वैद्यास होतो. पण नाव दिल्याने कारण कळले, असे होत नाही.

हृदयावरील परिणामही यावरून उमगतो. चालण्याने हृदयास अधिक रक्त हाताळावे लागते, तर स्थिर श्रमात अधिक दाबाविरुद्ध ते ढकलावे लागते. नाडीची गती वाढते, प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणारे रक्त मात्र वाढत नाही, प्रसंगी घटते. दुर्बल हृदयात डाव्या जवनिकेतील दाब वाढून धाप लागू शकते. मूठ आवळावयास सांगून हृदयाचे ध्वनी ऐकण्याची चिकित्सकांची रीत यावरच आधारलेली आहे. त्याने द्विदल झडपेच्या गळतीचा मर्मरध्वनी वाढतो.

खरा धोका श्वास कोंडण्यात आहे. १९८५ साली मॅकडूगल व सहकाऱ्यांनी तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नलिका घालून दाब मोजला. दोन्ही पायांनी मोठे वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० मिमी पारा इतका चढला. तो श्रम निव्वळ स्थिर नव्हता, पण अतिभार व कोंडलेला श्वास एकत्र आल्यास काय घडते, ते यातून दिसते. मलावष्टंभाच्या रुग्णाचे प्रवाहण हीही याच जातीची क्रिया आहे. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णास कोष्ठशुद्धीविषयी विचारणे आम्ही व्यायामाच्या उपदेशाइतकेच आवश्यक मानतो.

आता दुसरी बाजू. २०२३ साली एडवर्ड्स व सहकाऱ्यांनी २७० प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात काही आठवड्यांच्या नियमित स्थिर व्यायामाने विश्रांतीचा रक्तदाब सरासरी ८.२४/४.०० मिमी पाऱ्याने उतरल्याचे आढळले. चालणे, धावणे यांसारख्या व्यायामांत ही घट ४.४९/२.५३ होती. मात्र स्थिर व्यायामाचे प्रयोग बहुधा लहान व अल्पकालीन आहेत, हे विसरू नये. शिवाय चालण्याचे इतर लाभ स्थिर व्यायामाने मिळतात, असे यातून सिद्ध होत नाही. तेव्हा चालणे सोडून भिंतीशी बसा, असा सल्ला आम्ही देणार नाही.

प्रयोगांतील मात्रा पाहण्यासारखी आहे. मुठीने उपकरण आवळण्याच्या पद्धतीत रुग्णाच्या कमाल शक्तीच्या सुमारे ३० टक्के जोर, २ मिनिटे धारण, मध्ये १ ते ३ मिनिटे विश्रांती, अशा ४ आवृत्त्या, आठवड्यातून ३ दिवस, आणि हा क्रम ८ ते १० आठवडे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा ही आपल्या संहितांची मर्यादा येथे ओलांडली जात नाही, उलट जोर त्याहूनही कमीच आहे. अतिव्यायामाच्या उपद्रवांत चरकाने तृष्णा, क्षय, रक्तपित्त व प्रतमक गणले आहेत, ते वैद्यबंधूंस स्मरत असेलच. मुखाने श्वास घ्यावा लागणे हे बलार्धाचे लक्षण रुग्णास सहज समजते. बोलता येत नसेल किंवा श्वास कोंडला जात असेल, तर तेथेच थांबावे.

विश्रांतीतील रक्तदाब १८०/११० वा त्याहून अधिक असल्यास, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास, महाधमनीचा फुगवटा, महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन वा अनियंत्रित हृद्दौर्बल्य असल्यास हा व्यायाम सांगू नये. डोळ्याच्या पडद्यातील रक्तस्रावाचा इतिहास व अंत्रवृद्धी हीदेखील विचारून घ्यावीत. चालू औषध कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. ८ मिमीची घट पाहून गोळी सोडणारे रुग्ण भेटतात.

औषधी दुकानदारांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. दुकानात रक्तदाब मोजताना ग्राहकाचा हात अधांतरी राहिला, तर तो उचलून धरणे हाच स्थिर व्यायाम ठरतो आणि खालचा दाब १० टक्क्यांपर्यंत अधिक दिसू शकतो. हात हृदयाच्या पातळीवर मेजावर टेकवावा, पिशव्या खाली ठेवावयास सांगाव्यात, पाठीस आधार द्यावा, ५ मिनिटे स्वस्थ बसवावे, आणि मोजणी चालू असता बोलू देऊ नये.