गळाची काठी किती लांब असावी?

गळाने मासे धरणे आपल्याकडे जुनेच आहे. बांबूची काठी, तंगुसाची दोरी, एक गळ आणि चार गांडुळे, एवढ्यावर नदीकाठचे पोरसुद्धा घरी कालवणापुरते मासे आणते. पण काठी किती लांब घ्यावी असे विचारले, तर बहुतेक जण म्हणतात, "गुरुजी, जेवढी लांब तेवढी बरी."

हे अर्धेच खरे आहे. असे का, ते पाहू.

मोठा धोंडा हलवायचा असला की आपण पहार घालतो. पहारीखाली लहान दगड ठेवतो. आपल्याकडची बाजू लांब, धोंड्याकडची आखूड. म्हणून थोड्या जोराने मोठा धोंडा हलतो. याला तरफ म्हणतात. गळाची काठी हीसुद्धा तरफच. पण इथे सगळे उलटे! लांब बाजू माशाकडे आणि आखूड बाजू आपल्याकडे. म्हणजे पहार माशाच्या ताब्यात आहे म्हणा ना.

हिशेब करू. काठी १८ फूट आहे. एक हात बुडाशी धरला, दुसरा २ फूट पुढे. पुढे राहिली १६ फूट, म्हणजे आठपट. आता माशाने शेंडा १ किलो जोराने ओढला, तर बुडाकडचा हात ८ किलो जोराने खाली दाबावा लागतो. पुढच्या हातावर ९ किलो भार येतो. काठीचे वजन वेगळेच. तीच काठी १० फूट असती, तर हे आकडे ४ आणि ५ झाले असते. काठी वाकली की शेंडा जवळ येतो आणि भार थोडा कमी होतो. म्हणून शेंडा लवचीक हवा. लवचीक शेंडा माशाचे हिसकेही पचवतो, दोरी तुटत नाही.

मग लांब काठी कुणी घ्यावी? जोर गेला तरी तिथे चाल मिळते. बुडाकडचा हात अर्धा फूट हलवला की १८ फुटी काठीचा शेंडा ४ फूट हलतो. मासा एकदम आपल्याकडे वळला तर दोरी ढिली पडते, आणि ढिली दोरी म्हणजे मासा गेलाच. लांब काठीने ती चटकन ताणता येते. काठाला लव्हाळे दाट असेल तर दोरी त्याच्या वरून राहते. अशा तळ्यावर १४-१५ फुटी काठी बरी. ओढ्याकाठी, झाडाखाली मात्र ८-१० फूट पुरे. तिथे लांब काठी फांदीत अडकते आणि मासा सोडून आपण झाडाशीच झुंजत बसतो.

एक गोष्ट जिवाची आहे. लांब काठी उभी धरून विजेच्या तारांखालून कधी जाऊ नये. हल्ली बाजारात कार्बनच्या हलक्या काठ्या मिळतात. त्यांतून वीज वाहते. ओल्या बांबूचाही भरवसा नाही. तार वर दिसली की काठी आडवी करावी, आणि तिथे गळ टाकूच नये.

आता मासा काठाशी आणणे. खरे मासे इथेच सुटतात. विहिरीत भरलेली बादली पाण्यात असते तोवर हलकी लागते. पाण्याबाहेर आली की जड होते. माशाचेही तसेच. पाण्यात त्याचा भार पाणी पेलते. दोन किलोचा रोहू काठीने वर उचलला, तर सगळा भार शेंड्यावर येतो. काठी पार उभी करून मागे नेली तर शेंड्याचा बारीक भागच मोडतो. म्हणून मासा दमेपर्यंत त्याला बाजूला ओढावे, त्याचे डोके वळवावे.

दोरी काठीच्या लांबीपेक्षा जास्त ठेवू नये. जास्त ठेवली तर काठी उभी केली तरी मासा हाताशी येत नाही. फार आखूड ठेवली तर तो दूर शेंड्याखालीच लोंबत राहतो. लांब काठी असेल तर जाळीचा दांडाही लांब हवा, नाहीतर सोबत्याला पाण्यात उतरावे लागते, आणि शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो. जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरावी. तिने माशाचा पाठलाग करू नये, तो बिथरतो. मासा जाळीवर ओढून आणावा, आधी डोके आत, मग शेपूट.