विजेवर चालणारी फेरीबोट

नॉर्वे देशाचा नकाशा उघडून पाहा. त्याचा पश्चिम किनारा विलक्षण दंतुर आहे. समुद्राचे लांबलचक फाटे डोंगरांमध्ये खोलवर शिरले आहेत. या खाड्यांना तेथील लोक फ्योर्ड म्हणतात. सोग्नेफ्योर्ड ही त्यांतील सर्वांत लांब खाडी. ती दोनशे किलोमीटरांहूनही अधिक आत गेली आहे. एवढ्या खोल पाण्यावर पूल बांधणे फार कठीण. म्हणून पलीकडच्या तीरास जावयाचे, तर मोटारीसह फेरीबोटीवर चढावे लागते.

या बोटी डिझेलवर चालत. 2015 साली मात्र लाविक व ऑपेडाल या गावांदरम्यान ‘अँपिअर’ नावाची बोट सुरू झाली. मोटारी वाहून नेणारी आणि केवळ विजेवर चालणारी ही जगातील पहिली मोठी फेरीबोट होय. ती 80 मीटर लांब असून तीत 120 मोटारी व 360 उतारू मावतात. भार कमी व्हावा म्हणून तिचा सांगाडा पोलादाऐवजी ॲल्युमिनिअमचा केला आहे.

एवढी बोट विजेवर चालविणे हेच अवघड, असे तुम्हांस वाटेल. खरी अडचण पाण्यात नव्हतीच. ती धक्क्यावर होती. खाडी ओलांडण्यास वीस मिनिटे लागतात आणि मग बोट जेमतेम दहा मिनिटे थांबते. तेवढ्या अवकाशात तिच्या बॅटऱ्यांत वीज भरली पाहिजे. लहानशा गावाच्या तारांतून इतकी वीज एकदम कशी ओढावी? नळाला बारीक धार असली, म्हणजे आपण काय करतो? पिंप भरून ठेवतो आणि हवी तेव्हा त्यातून बादली भरून घेतो. येथेही तीच युक्ती योजली. दोन्ही धक्क्यांवर मोठ्या बॅटऱ्या बसविल्या. बोट दूर असताना त्या सावकाश वीज साठवितात आणि बोट धक्क्यास लागताच तिला देऊन टाकतात. युक्ती साधीच खरी. पण तिच्यावाचून ही बोट धक्क्यालाच अडली असती!

पुढे नॉर्वेत फेरीबोटींची कंत्राटे देताना धूर न सोडणाऱ्या बोटींची अट घातली जाऊ लागली. साहजिकच अशा बोटींची मागणी वाढली. महासागर ओलांडणाऱ्या जहाजांची गोष्ट मात्र निराळी. डिझेलमध्ये असते तेवढी शक्ती बॅटरीत साठवावयाची, तर तिचे वजन कितीतरी पट होते. मग माल ठेवावा कोठे? म्हणून काही जहाजांत इंजिन आणि बॅटरी दोन्ही असतात. त्यांना हायब्रिड म्हणतात. बंदरात शिरताना इंजिन बंद ठेवून ती बॅटरीवर चालू शकतात.

या मागणीचा लाभ आपल्या देशासही झाला. कोचीच्या जहाजबांधणी कारखान्याने विजेवर चालणाऱ्या दोन मालवाहू बोटी नॉर्वेसाठी बांधल्या आणि 2022 साली त्या तिकडे धाडल्या. खाडी ओलांडण्यापुरतेच बळ असलेल्या या बोटी एवढा सागर कशा पार करणार? त्या एका मोठ्या जहाजाच्या पाठीवर बसून नॉर्वेस गेल्या.