सांगायचे कुणाला?

"नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर सांगायचे कुणाला?" अशी एक जुनी म्हण आहे. तुमच्या आजीच्या तोंडी ती असेल. जिथे दाद लागायची नाही, तिथे रडून काय उपयोग, असा तिचा अर्थ. पावसाचे राहू द्या. त्याला काही कोर्टात उभा करता येत नाही. पण नवऱ्याने, दिराने, पोटच्या पोराने किंवा गावातल्या एखाद्या दांडग्याने बाईवर हात टाकला, तर सांगायचे कुणाला, याला आज उत्तर आहे. आजच्या धड्यात ते आपण वाचू. धडा जरा मोठा आहे. अडले तर थांबा, अक्षर लावा आणि पुढे चला.

जाच कशाकशाला म्हणतात?

आपल्या देशात २००५ साली एक कायदा झाला. त्याचे नाव लांबलचक आहे : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. 'कौटुंबिक हिंसाचार' म्हणजे घरातल्या माणसांनी केलेला जाच.

काठीने मारले तर तो जाच, हे कुणीही सांगेल. कायदा त्याच्या पुढे जातो. ऊठसूट घाण शिव्या देणे, 'वांझोटी' म्हणून हिणवणे, मुलगीच झाली म्हणून टोचून बोलणे, हाही जाच. बाईच्या मजुरीचे पैसे हिसकावून घेणे, घरात खर्चाला न देणे, तिचे स्त्रीधन परस्पर गहाण टाकणे, हाही जाच. आणि नवरा असला तरी तिच्या मनाविरुद्ध अंगाशी झोंबणे, हासुद्धा या कायद्याने जाचच आहे. इथे एक गोष्ट सरळ सांगतो. जाणत्या वयाच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती फौजदारी कायदा अजून बलात्कार मानत नाही. पण २००५ च्या कायद्याखाली तिला तिच्याविरुद्ध दाद मागता येते.

हा कायदा फक्त बायकोसाठी आहे असे समजू नका. म्हातारी आई, विधवा भावजय, माहेरी परत आलेली बहीण, लग्नावाचून नवरा-बायकोसारखी एका घरात राहिलेली बाई, या सगळ्यांना तो आहे.

शाळेत असताना मी एक पाहिले. पोरांच्या आया दाखल्यावर सही करायला येत. गालावर पदर ओढलेला असे. "काय झालं हो बाई?" म्हटले की "गोठ्यात घसरले गुरुजी," किंवा "म्हशीनं लाथ मारली." आमच्या पंचक्रोशीतल्या म्हशी भारी खोडकर असाव्यात! याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

घर कुणाचे?

बाई गप्प का बसते? बोलले तर घराबाहेर काढतील, ही पहिली भीती. पोरांना घेऊन रात्रीची जाऊ कुठे? माहेरी भावजयीचे राज्य. म्हणून कायद्यातली ही गोष्ट दोनदा वाचा.

ज्या घरात ती नांदली, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर तिचे नाव नसले तरी आहे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तिला तिथून हुसकून लावता येत नाही.

कोर्ट आणखी काय करू शकते? मारहाण करू नकोस, असा हुकूम नवऱ्याला देते. तिच्या कामाच्या जागी जाऊन त्रास देऊ नकोस, असे बजावते. तिला आणि मुलांना खर्चाला पैसे द्यायला लावते. मुलांचा ताबा तिला देऊ शकते. दागिने आणि कागदपत्रे परत करायला लावते. तातडीचे असेल तर दुसऱ्या बाजूची वाट न पाहता तात्पुरता हुकूमही देते. बचावाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सासरच्या तालुक्यातच गेले पाहिजे असेही नाही. ती माहेरी येऊन राहिली असेल, तर माहेरच्या बाजूच्या कोर्टात अर्ज चालतो.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत मिळावी आणि अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. कागदावर तसे आहे. खरे पाहता बऱ्याच ठिकाणी जास्त दिवस लागतात, चपला झिजतात. पण तात्पुरता हुकूम आधी मागता येतो, हे लक्षात असू द्या. कितीतरी बायांना हे कुणी सांगतच नाही.

जायचे कुठे?

हे काम करायला सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. बाईचे म्हणणे लिहून घेणे, अहवाल तयार करणे, कोर्टात अर्ज द्यायला मदत करणे, दवाखान्यात आणि आसऱ्याच्या जागी पोचवणे, ही त्यांची कामे. त्यांची कचेरी कुठे आहे, ते अंगणवाडीच्या ताईंना किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही दुसरी भीती. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिची कमाई किती, हे त्यासाठी पाहत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात 'तालुका विधी सेवा समिती' असते. 'विधी' म्हणजे इथे कायदा, लग्नातला विधी नव्हे! तिथे साधा अर्ज द्यायचा. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते.

रात्री घराबाहेर काढले तर? ११२ फिरवा, पोलीस येतील. १८१ हा खास बायकांच्या मदतीचा नंबर आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' नावाची केंद्रे आहेत. ही योजना २०१५ साली सुरू झाली. डॉक्टर, पोलीस, वकील, समजून घेऊन धीर देणारी बाई, अशी सगळी मदत एका छपराखाली मिळावी, म्हणजे दुखऱ्या अंगाने चार कचेऱ्या हिंडाव्या लागू नयेत, हा त्यामागचा विचार. तिथे साधारण पाच दिवस राहता येते. जास्त दिवस राहायचे तर सरकारी महिला राज्यगृहे आहेत, 'शक्ती सदन' आहेत. काही पोलीस ठाण्यांत 'महिला व मुलांसाठी सहाय्य कक्ष' असतो. १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि पोलीस यांनी मिळून तो पहिल्याने सुरू केला. तिथे बसणारी बाई वर्दीतली नसते. ती सगळे ऐकून घेते आणि पुढचा रस्ता दाखवते.

पीडित बाईला आसरा देणे हे परदेशी खूळ आहे, असे काही शहाणे पारावर बसून म्हणतात. त्यांना सांगा, पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. बाईने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, कुणी नाव विचारणार नाही, अशी ती सोय होती. पुढे १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. ही आपल्याच मातीतली माणसे.

अब्रू कुणाची गेली?

आता जे वाचायचे आहे ते जड आहे. पण वाचले पाहिजे.

१९७२ सालच्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडले. नागपूरच्या हायकोर्टाने त्यांना शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असे धरले गेले. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी सुप्रीम कोर्टाला जाहीर पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. गडचिरोलीकडच्या एका मजूर मुलीने तोंड उघडले म्हणून हे घडले. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. अत्याचार झालेल्या बाईचे नाव छापणे आज गुन्हा आहे. मोबाईलवर तिचा फोटो किंवा नाव पुढे ढकलणे, तेही त्यातच येते.

असा प्रसंग कुणावर आला तर पहिल्यांदा दवाखाना. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने ताबडतोब आणि फुकट उपचार केलेच पाहिजेत. "आधी पोलिसांचा कागद आणा" असे म्हणता येत नाही. दिवस राहू नयेत म्हणून गोळी असते आणि एड्सची लागण होऊ नये म्हणून औषध असते. दोन्ही ७२ तासांच्या आत, म्हणजे तीन दिवसांत सुरू झाली पाहिजेत. जितके लवकर तितके चांगले. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नये. अंगावरचे कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ठेवले तर दमटपणाने पुरावा बिघडतो. पण अंघोळ झाली असेल, चार दिवस उलटले असतील, तरी जावे. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही.

तपासणी तिच्या संमतीनेच होते. पूर्वी डॉक्टर बोटे घालून तिची 'चाल' ठरवत. ती घाणेरडी रीत सुप्रीम कोर्टाने २०१३ साली चुकीची ठरवली, आणि २०२२ साली पुन्हा बजावले की असे करणाऱ्याने गैरवर्तन केले असे समजले जाईल.

मग पोलीस ठाणे. १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे नवे कायदे लागू झाले आहेत. अत्याचाराची फिर्याद बाई-पोलिसाने लिहून घ्यायची असते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी फिर्याद घ्यावी लागते. तिला 'झिरो एफआयआर' म्हणतात. बोलणे साधारण असे होते :

"बाई, ही हद्द आमची नाही. पलीकडच्या ठाण्यात जा."

"साहेब, झिरो नंबरानं लिहून घ्या आणि तिकडं पाठवा. आणि लिहिलेलं आम्हाला वाचून दाखवा."

"तुम्ही कोण?"

"मी हिची चुलती. सोबत आलेय."

वाचून दाखवणे हा हक्क आहे. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. आणि तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठा तर मुळीच देऊ नका. बलात्काराची फिर्याद लिहून न घेणाऱ्या पोलिसालाही शिक्षा आहे.

मूल अठराच्या आतले असेल, मुलगी असो वा मुलगा, तर २०१२ चा 'पोक्सो' कायदा लागतो. ज्याला कळले त्याने कळवलेच पाहिजे, झाकून ठेवणे हा गुन्हा. मुलांसाठी १०९८ नंबर आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. अत्याचार झालेल्या बाईला आणि मुलाला तिच्यातून पैशाची मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावे.

गावात अजून एक रीत चालते. पंच जमतात, पाच-पन्नास हजार ठरवतात आणि प्रकरण 'मिटवतात'. कुठे कुठे तर ज्याने नासवले त्याच्याच गळ्यात पोरीला बांधतात. असला समेट कायद्याला मान्य नाही, आणि माझ्या मते तो दुसरा अत्याचार आहे. फिर्याद केली म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणारांसाठी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे. २०१७ पासून तो लागू आहे.

शेजाऱ्याने काय करायचे?

"दुसऱ्याच्या घरचा मामला, आपण कशाला पडा?" असे म्हणतात. शेजारी आग लागली तर आपण असे म्हणत नाही. घरातल्या जाचाची खबर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो. खऱ्या मनाने दिली असेल तर त्याच्यावर काही बालंट येत नाही, असे २००५ च्या कायद्यातच लिहिले आहे. शेजारीण सोबत गेली तर अर्धे काम होते. तिने "तूच का गेलीस, तूच का बोललीस" असे विचारू नये. ऐकून घ्यावे, पोरांना दोन घास घालावेत. बाईचे आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद यांची एक पिशवी आपल्या घरात ठेवून घ्यावी. वेळेला ती फार उपयोगी पडते.

आता अर्ज कसा लिहायचा ते पाहा. हा नमुना आहे. वहीत उतरवून काढा.

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी,
तालुका ............

अर्जदार : ............ (तुमचे नाव, गाव)

विषय : घरातील मारहाणीबद्दल.

महोदय,
मी वरील गावी सासरी राहते. माझा नवरा दारू पिऊन मला मारतो. ता. ......... रोजी रात्री त्याने मला काठीने मारले. माझ्या डाव्या हाताला मुका मार लागला आहे. सरकारी दवाखान्यात दाखवले आहे. मला घराबाहेर काढले आहे. माझी दोन मुले त्याच्याकडे आहेत. मला राहत्या घरी राहू द्यावे, मारहाण बंद व्हावी, मुलांचा ताबा व खर्चाला पैसे मिळावेत, यासाठी कोर्टात अर्ज करण्यास मदत करावी, ही विनंती.

आपली,
(सही)

या अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरीत द्या. दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन ती आपल्याजवळ ठेवा.

पाटीवर हे आकडे पाच वेळा लिहा आणि न पाहता म्हणा : ११२, १८१, १०९८, १५१००.